एकशे दहा वेढे

ह्या वहीतली आधीची पानं मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, वाचली आणि विचारलं की गाव झालं, शाळा सोडणं झालं, कल्याणला येणं झालं, लग्न झालं, आता वाढण्याबद्दल आणखी काय लिहायचं राहिलं. मी म्हटलं, एक राहिलंय. ती म्हणाली, मग तो गणपतीतला प्रकार लिहा, आणि लिहिणार असाल तर पुरा लिहा, अर्धा नको. म्हणून हे प्रकरण. माझं वय तेव्हा साठीच्या पुढे गेलेलं. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाचं वाढणं असं मागेपुढे होतं. लोकांचं विशीत उरकतं ते माझं टिटवाळ्याला, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, पाटावर बसून झालं.

आधी दुकानाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कल्याणात माझं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. पंखे, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी जळून यायच्या. त्यांतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निशात बुडवायची आणि बल्बच्या पेटीत वाळवायची. काम एवढंच, पण त्यात एक गोष्ट चुकून चालत नाही, ती म्हणजे वेढ्यांची मोजणी. कंपनीने जेवढे वेढे घातलेत तेवढेच घालायचे. कमी पडले तर मोटर तापते, जास्त झाले तर ओढत नाही. गुंडाळायच्या यंत्राला वेढे मोजणारा आकडा होता, तो मी पहिल्याच वर्षी काढून खणात टाकला. मी तोंडात मोजायचो. पेन्सिलीचा तुकडा दातात धरायचा, उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची, आणि शंभर झाले की फळीवर एक रेघ. दातात पेन्सिल असली की माझ्याशी कुणी बोलायचं नाही, हा नियम. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, वीजबिलाचा माणूस असो, मी पेन्सिल काढून ‘बोला’ म्हणेपर्यंत त्याने उभं राहायचं. चाळीस वर्षांत माझा आकडा चुकला नाही असं मी सगळ्यांना सांगायचो, आणि मला ते खरंच वाटायचं.

घर दुकानाच्याच मागे, दोन खोल्यांचं, त्यामुळे नियम घरातही आला. स्वयंपाकघरात भाताला उकळी आलेली ऐकू यायची, वार्निशाचा वास आणि डाळिंब्यांच्या उसळीचा वास एकमेकांत मिसळून जायचे, आणि मंदा मधल्या दारात येऊन, माझ्या तोंडाकडे बघून, तशीच परत जायची. सुनील, माझा मुलगा, लहान असताना एकदा सायकलवरून पडून गुडघा फोडून घेऊन आला. दारात चौकटीला एक हात लावून उभा राहिला. रक्त चपलेत उतरलं तरी त्याने हूं की चूं केलं नाही. मी दीडशेच्या पुढे होतो. दोनशे पुरे केले, पेन्सिल काढली आणि मग त्याच्याकडे बघितलं. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत आलो, पोराला वळण कसं लावलंय म्हणून. सुनील तिथे असला की उठून आत जायचा. तो का उठतो हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

पुढे रस्ता रुंद झाला आणि त्यात दुकान गेलं. सुनीलने टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं आणि आम्हाला बरोबर नेलं. मला तिथे करमायचं नाही. सकाळी आठ वाजल्यापासून शेजारच्या बांधकामावर फरशी कापायचं यंत्र किंचाळायचं, पाण्याचा टँकर मागे घेताना टीं टीं करत राहायचा, संध्याकाळी सगळ्या मजल्यांवरून कुकरच्या शिट्ट्या. ह्या सगळ्यात मला फक्त मोटरी ऐकू यायच्या. कुणाच्या मिक्सरचे कार्बन झिजलेत ते मी जिन्यातून चढता चढता सांगायचो, आणि दुसऱ्या दिवशी बोलावणं नसताना पाना घेऊन त्यांच्या दारात उभा राहायचो. मंदा म्हणायची, अहो, लोकांना नको असतं. लोकांना नको असेल, मला हवं होतं.

अनघा माझी सून. नाशिककडची, बाजरीची भाकरी थापणारी. आमच्या घरात तांदळाची भाकरी आणि उकडीचे मोदक ती मंदाकडून शिकली. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. लग्नानंतर तीन वर्षं ठाण्याला एका कंपनीत कामाला होती. मंदाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिन्याभराची रजा घेते म्हणून घरी राहिली आणि सहा वर्षं राहिली. तिला नोकरी सोड असं आमच्यात कुणी म्हटलं नव्हतं. पुन्हा जा असंही कुणी म्हटलं नाही. आज हे लिहिताना मला दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात, तेव्हा मला फक्त पहिली आठवायची.

त्या वर्षी आमच्या संकुलाच्या गणपती मंडळाने एक नवीनच टूम काढली. घराघरातले बंद पडलेले कॉम्प्युटर, प्रिंटर, माऊस असलं सगळं सायकल स्टँडपाशी आणून टाकायचं, आणि त्या ढिगातून ज्याने त्याने एक छोटं चालतं यंत्र बनवायचं. रोबो म्हणायचे सगळे. बॅटरी आणि यंत्राचं डोकं म्हणून एक हिरवी पाटी, एवढं मंडळ देणार, बाकी सगळं ढिगातलं. कॅरमबोर्डावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत काळी वळणावळणाची पट्टी चिकटवलेली असेल. यंत्राने त्या पट्टीवरून आपलं आपण चालायचं, आणि डोक्यावर एक उकडीचा मोदक घेऊन जायचा. मोदक पडला किंवा फुटला की बाद. चुरस कसली, मजाच होती. तळमजल्यावरचे सावंत, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी सगळ्यांत आधी नाव दिलं आणि ढिगातल्या बऱ्या वस्तू सकाळी दूध आणायला जाताना पिशवीतून घरी नेल्या.

अनघाला मात्र ती मजा नव्हती. परीक्षक म्हणून कल्याणच्या कर्णिक मॅडम येणार होत्या. त्या मुलांना असली यंत्रं शिकवायचा वर्ग चालवायच्या. दोन महिन्यांपूर्वी अनघाने त्यांच्याकडे शिकवायला येऊ का म्हणून विचारलेलं, आणि त्यांनी सरळ सांगितलं होतं की सहा वर्षांत हे काम फार बदललंय, तुमचा हात अजून चालतो का ते बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. ह्याच्या आधी तीन-चार ठिकाणांहून तर तिला उत्तरसुद्धा आलं नव्हतं. सुनीलने हे मला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “अण्णा, ह्या वेळेला नाही झालं तर ती पुन्हा विचारायला जाणार नाही कुठे. मी ओळखतो तिला.”

तिने बनवलेलं यंत्र मी आजही काढून दाखवू शकेन. सीडी घालायच्या खोक्याच्या पत्र्याचं अंग, प्रिंटरमधल्या रबरी रुळांची चाकं, खाली गोटी असलेल्या जुन्या माऊसमधून काढलेले डोळे, त्यांनी काळी पट्टी बघायची, आणि वर मोदकासाठी एक सीडी आडवी बसवलेली. चाकं फिरवायला सीडीचा ट्रे आतबाहेर करणाऱ्या दोन मोटरी, अंगठ्याच्या पेराएवढ्या. त्यातली एक जळलेली निघाली. ढिगात तशी दुसरी उरली नव्हती, आणि दोन चाकांना दोन जातींच्या मोटरी लावल्या तर यंत्र एका बाजूला ओढणार. अनघा दुपारभर ढीग उपसून हात काळे करून वर आली आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिली. मी म्हटलं, आण इकडे, गुंडाळून देतो. ती म्हणाली, “अण्णा, हिच्यात केसासारखी तार असते. हे कुणी हाताने नाही करत.” मला ते झोंबलं. मी म्हटलं, कुणी नाही करत म्हणजे कुणाला येत नाही. मला येतं.

खाली सावंतांना बातमी पोचली. ते लिफ्टपाशी म्हणाले, “अण्णा, विहिरीवरचा पंप नाही हो हा. आधी चष्म्याचा नंबर काढून घ्या.” मी म्हटलं, नंबर काढलाय, तुमच्या मिक्सरची घरघर ह्याच चष्म्याने ऐकली.

मोटर उघडली. आत तीन पोल असतात, म्हणजे मधल्या दांडीभोवती लोखंडाची तीन पाकळ्यांसारखी टोकं, आणि प्रत्येकावर तार गुंडाळलेली. जळकी तार उलगडता उलगडता मोजली, प्रत्येकावर एकशे दहा वेढे. नवी तार विकत आणायची नाही, म्हणून ढिगातल्याच एका छोट्या पंख्याची तार सोडवून घेतली. डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग लावलं, गॅलरीत उजेडाकडे तोंड करून पाट मांडला, पेन्सिल दातात धरली. इथे यंत्र नाही, दांडा नाही, चिमटीनेच एकेक वेढा टाकायचा आणि पन्नास झाले की पेपरच्या कडेवर रेघ मारायची. पहिला पोल एका सकाळी झाला, दुसरा दुसऱ्या सकाळी. बऱ्याच वर्षांनी माझी भूक वाढली. मंदाने वालाची उसळ केली होती, मी दोनदा मागून घेतली आणि दुकानातल्या गोष्टी सांगत बसलो. अनघा हसून ऐकत होती. घरातल्या एखाद्या कामात माझी गरज पडणं, हे किती दिवसांनी झालं होतं ते मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं बहुतेक. पुढचं कदाचित वेगळं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तिसरा पोल. अकराच्या सुमाराला, पन्नासची रेघ मारून मी पुढे गेलेलो, तेव्हा गॅलरीच्या दारात अनघा आली. हातात फोन, तोंडावर काहीतरी चांगलं सांगायचं आहे असा भाव. माझ्या दातातली पेन्सिल बघून ती थांबली, चौकटीला एक हात लावून उभी राहिली आणि वाट बघायला लागली. मला डोळ्याच्या कोपऱ्यातून ती दिसत होती. आणि का कोण जाणे, माझ्या मनात आलं की ही हुबेहूब सुनीलसारखी उभी आहे. हिला हे कुणी शिकवलं? आम्ही कल्याण सोडल्यावर ही आमच्यात राहायला लागली, दुकान तर हिने नीट बघितलंही नाही. म्हणजे त्याने शिकवलं. अण्णांच्या दातात पेन्सिल असली की असं उभं राहायचं, असं कधीतरी आपल्या बायकोला समजावून सांगितलं असणार. कसं सांगितलं असेल, हसून की कसं, एवढा विचार आला आणि गेला, आणि माझा आकडा नाहीसा झाला. बासष्ट की बहात्तर. बोटं चालूच होती.

तिथे थांबायचं होतं. तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून घेतली असती तर अर्धा-पाऊण तास गेला असता, त्यात काही बिघडत नव्हतं. पण तिच्यासमोर उलगडावी लागली असती. चाळीस वर्षं जे कुणी बघितलं नाही ते सुनेने दारात उभं राहून बघितलं असतं. मी बहात्तर धरले आणि पुढे मोजत गेलो. एकशे दहा म्हटलं, पेन्सिल काढली आणि म्हटलं, बोल. तिने सांगितलं की मॅडमचा फोन आला होता, त्यांना तिचं नाव लक्षात आहे, तुमचं यंत्र मी मुद्दाम बघणार आहे म्हणाल्या. मी छान म्हटलं. टोकं सोल्डर करून, मोटर बंद करून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, घे, चोख आहे.

मोटर फिरली. जोरात फिरवली की फिरायची. हळू चालवायला गेलं की प्रत्येक फेरीत एकदा अडखळायची, तीन पायांच्या स्टुलाचा एक पाय आखूड असावा तशी. यंत्र पट्टीवर दोन वळणं जायचं आणि तिसऱ्याला उचकी लागल्यासारखं होऊन भलतीकडे वळायचं. वर मोदक म्हणून तिने मळलेल्या कणकेचा गोळा ठेवलेला, तो घरंगळायचा. अनघाने मला विचारलं, “अण्णा, मोटरीत काही असेल का?” विचारलं तेही कसं, माझ्याकडे न बघता, स्क्रू पिळता पिळता. मी म्हटलं, “मोटर चोख आहे. तुझ्या त्या लिहिण्यात बघ.”

लिहिणं म्हणजे त्या हिरव्या पाटीत भरायचा मजकूर, कोड म्हणतात त्याला. त्यातलं मला अक्षर कळत नाही. म्हणूनच तसं म्हणणं सोपं गेलं. पुढचे चार दिवस ती तेच बघत राहिली. सकाळचे डबे झाले की बसायची, दुपारी भांडी घासून झाली की बसायची, एका हाताने आमटी ढवळत दुसऱ्या हाताने कागदावर आकडे लिहायची. सगळा मजकूर पुसून दोनदा पहिल्यापासून लिहिला. यंत्र तिसऱ्या वळणाला उचकी द्यायचंच. मंदा मला म्हणाली, अहो, ती मोटर एकदा उघडून तर बघा. मी म्हटलं, चाळीस वर्षं मी काय गोट्या खेळलो? ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोघी खोबरं खवत बसलेल्या, मी बाहेर पेपर घेऊन. अनघाचा आवाज आला, अगदी साधा, रडका वगैरे नाही. ती म्हणाली, “आई, मला वाटतं मला आता येत नाही हे. पूर्वी यायचं, ते गेलं. मॅडम बरोबर म्हणत होत्या.” मंदा काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी पेपरचं पान उलटलं. उठून आत जायला मला सहा-सात पावलं होती. मी पेपर पुरा वाचला, लग्नाच्या जाहिरातींसकट.

लोक विचारतात की माणसाला खरी लाज कधी वाटते. मला चुकल्याची लाज वाटली म्हणून मी लपवलं, आणि लपवल्याची लाज तो पेपर घेऊन बसून राहिलो असताना वाटली. दुसरी मोठी होती. पण पहिली जुनी होती आणि तिचा माझ्यावर हक्क जास्त होता.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, खाली पार्किंगमध्ये मांडवाशेजारी कॅरमबोर्ड मांडला. चाळीसेक माणसं जमलेली. एका ताटात मंदाने आणि आणखी दोघींनी केलेले मोदक, कर्णिक मॅडम खुर्चीवर, पांढरे आखूड केस, गळ्यात चष्म्याची दोरी. सावंतांचं यंत्र पहिलं. ते ऐटीत निघालं, पहिलंच वळण सोडून सरळ गेलं आणि कॅरमच्या कडेवरून मोदकासकट एका काकूंच्या मांडीत पडलं. सावंत म्हणाले, “नैवेद्य पोचला.” सगळे हसले, तेही हसले. मग बी विंगमधल्या दोन कॉलेजच्या मुली आल्या, त्यांचं यंत्र गोगलगायीसारखं चालत पोचलं आणि टाळ्या पडल्या. मग आमचं.

पहिलं वळण, दुसरं वळण. अनघा ओठ आवळून उभी. तिसऱ्या वळणाला उचकी लागली, यंत्र पट्टी सोडून फिरलं, सीडी कलली, मोदक कॅरमवर आपटला आणि फुटला. आतलं सारण पांढऱ्या फळीवर पसरलं. प्रत्येकाला दोन संधी होत्या, त्यामुळे अजून संपलं नव्हतं, पण अनघाने यंत्र उचललं ते परत पेटीत ठेवायलाच. मॅडमनी विचारलं, “ह्याचा कोड कुणी लिहिलाय?” अनघा म्हणाली, “मीच. माझीच चूक आहे. चार दिवस शोधतेय, सापडत नाहीये मला.” मॅडमनी मान हलवली आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहायला घेतलं.

मी पुढे कसा गेलो ते आठवत नाही. मंदा म्हणते की मी दोन खुर्च्या सरकवून गेलो आणि एका माणसाच्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, “तिची चूक नाहीये. मोटर मी गुंडाळलेली आहे. तिसऱ्या पोलात वेढे कमी आहेत.”

मॅडमनी चष्मा लावला. किती कमी, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दहा. मग मला वाटलं की आता अर्धं बोलण्यात अर्थ नाही, आणि म्हटलं, दहा वाटतात, मला नक्की माहीत नाही. मोजताना हुकलो आणि अंदाजाने पुढे गेलो. सावंत मागे होते. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलणार. त्यांनी माझ्यासाठी एक खुर्ची पुढे सरकवली, आणि तेच मला जास्त लागलं.

अनघा माझ्याकडे बघत होती. तिने त्याआधी इतक्या वर्षांत माझ्याशी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. सगळ्यांसमोर, हळू, नीट ऐकू जाईल असं विचारलं, “तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“हो.”

“मी चार दिवस कोड पुसतेय. तुम्ही समोर बसून बघत होतात, अण्णा.”

मी हो म्हटलं. तिने डोळे पुसले, तेही रागाने, मनगटाने, आणि मॅडमकडे वळून विचारलं की दुसऱ्या संधीआधी दहा मिनिटं मिळतील का. मंडळाच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं, मॅडम घ्या म्हणाल्या. अनघा तिथेच, मांडवाच्या पायरीवर, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. काय करतेय ते मला नंतर कळलं. हळू चालवली की मोटर आखूड पायावर अडते, तर हळू चालवायचीच नाही. पुऱ्या जोराचा एक झटका द्यायचा आणि थांबवायचं, पुन्हा झटका, पुन्हा थांबवायचं, म्हणजे अडायला तिला वेळच मिळत नाही. रोग कळल्यावर औषध तिला आठ मिनिटांत सापडलं. चाळीस माणसं भोवती कोंडाळं करून उभी, मंडळातला एकजण माइकवरून उगीच उलटे आकडे मोजतोय, आणि तिची बोटं कुठे चाचपडली नाहीत.

यंत्र बेडकासारखं टुणटुण करत निघालं. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं. मोदक सीडीवर उड्या मारत होता, पण पडला नाही. शेवटच्या कोपऱ्यात पोचला तेव्हा त्याचं नाक मोडलेलं होतं. मॅडमनी वाकून बघितलं आणि नियमाप्रमाणे बाद केला. टाळ्या मात्र आम्हालाच जास्त पडल्या. मला तरी तसं वाटलं. सुनील म्हणतो, सारख्याच होत्या.

घरी अनघाने माझ्याशी बोलणं सोडलं असं नाही. ताट वाढायची, औषधाची आठवण करायची, अण्णा पाणी देऊ का विचारायची. पण यंत्र कपाटाच्या वर गेलं, आणि ती कागद-पेन्सिल घेऊन बसली असताना मी जवळ गेलो की कागद पालथा व्हायचा. मी माफी मागावी असं सुनील म्हणाला. मला ते जमेना. सगळ्यांसमोर सांगितलं ते पुरे नाही का, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, “सांगितलंत ते मॅडमना. तिला कुठे सांगितलंत?” एवढं बोलून तो बूट घालायला लागला. माझ्या मुलाने मला समोर उभं राहून काही सुनावायची ती पहिली वेळ. मी रागावायला हवं होतं. मी त्याला गुडघ्याबद्दल विचारलं. तो आधी समजलाच नाही, मग म्हणाला, दुखला होता, अण्णा, खूप दुखला होता. आणि बाहेर पडला.

विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. मी गॅलरीत बसलो होतो. अनघा आली, यंत्र हातात. म्हणाली की मॅडमचा फोन होता, शनिवार-रविवार वर्गावर या म्हणाल्यात, बघू पुढे कसं जमतं ते. मांडवाच्या पायरीवर दहा मिनिटांत तिने जे केलं, ते त्यांनी मुद्दाम बोलून दाखवलं. मी म्हटलं, चांगलं झालं. मग माझ्या तोंडून निघालं की अनघा, मी फार वाईट केलं. तिने ते तसंच राहू दिलं. बरं असू दे असं म्हणाली नाही. माझ्यासमोर खाली बसली, यंत्र माझ्या पाटावर ठेवलं आणि म्हणाली, “मॅडमना ही मोटर मुलांना दाखवायला हवीये. नीट गुंडाळलेली. पण त्याआधी हिच्यातली तार उलगडा. मला बघायचंय किती होते.”

मी भिंग लावलं. मोटर उघडली, तिसऱ्या पोलाचं टोक सोडवलं आणि तार ओढायला लागलो, मोठ्याने मोजत, ती ऐकतेय हे माहीत असून. सत्तर गेले. ऐंशी गेले. अठ्ठ्याऐंशीला तार संपली.

पोल उघडा, कोरा लोखंडी दिसत होता. मी तार बोटांवर घेऊन पुन्हा मागून पुढे हिशेब लावला. बासष्टच्या जागी बहात्तर धरले, म्हणजे दहा गेले, ते मला माहीत होते. बाकीचे बारा कुठे गेले ते मला माहीत नव्हतं. अनघा दारात येऊन उभी राहिली त्याच्याही आधी ते गेले होते, पन्नासच्या रेघेआधी किंवा नंतर, कधीतरी, शांत गॅलरीत, पेन्सिल दातात असताना, कुणीही मला काही केलेलं नसताना. इतके दिवस मी मनातल्या मनात म्हणत होतो की ती तशी उभी राहिली म्हणून हुकलं. आणि कल्याणच्या त्या दुकानात असे किती गेले असतील, कुणाकुणाचे पंप त्यांनी तापवले असतील आणि मी वार्निशाला, वीज कंपनीला, गिऱ्हाइकाला नावं ठेवली असतील, तेही त्या एका क्षणात समोर येऊन उभं राहिलं. अनघाच्या ते लक्षात आलं असावं. ती हिशेबाची हुशार आहे. तिने दहा आणि बारा काही बोलून दाखवले नाहीत.

तिने माझ्या बोटांवरची तार काढून घेतली आणि म्हणाली, “अण्णा, दुसराही मोजायचा का?”

फरशी कापायचं यंत्र बंद पडलेलं होतं, बहुतेक जेवणाची सुट्टी झाली असावी. मी दुसऱ्या पोलाचं टोक नखाने वर काढलं. ते केसाएवढं टोक मला नीट दिसत नव्हतं, हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. डोळ्यावरचं भिंग काढून तिला दिलं आणि टोक तिच्या चिमटीत ठेवलं.

“तू मोज,” मी म्हटलं.